मेलेल्यांची रांग

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात शिरगावजवळच्या आमच्या वाडीतल्या विहिरी आटल्या आणि दिवसाआड टँकर यायला लागला. मी तेव्हा ट्रकवाल्यांच्या युनियनमध्ये भाषणं ठोकायचो. वाटणी समान झाली की माणूस आपोआप सुधारतो, यावर माझा ठाम विश्वास. नियम मीच केला: भाटकाराचा बंगला असो वा मजुराची झोपडी, घरटी दोन कळश्या. महिनाभर तो सुरळीत चालला आणि मी छाती फुगवून फिरलो.

मग एका सकाळी रांगेच्या पुढे एक जास्तीची कळशी दिसली. तांब्याची, पोचा पडलेली, शेवंतीची. शेवंती मागच्या वर्षी खाणीच्या खंदकात पाणी काढताना बुडून मेली होती आणि तिच्या घरात मागे कोणीही उरलं नव्हतं. टँकरवाल्या परशुरामने घाबरून हात जोडले आणि तीच आधी भरली. संध्याकाळी कळशी रिकामी होती. भोवतीच्या लाल धुळीत पावलाचा एकही ठसा नव्हता.

त्यानंतर घरोघरचे मेलेले तहानले. कृष्णनाथ भाटकारांनी वडिलांची कळशी मांडली, मग आजोबांची. बाकीचे कशाला मागे राहतील? मी चिडलो, पण नियम करणं हाच माझा रोग. नवा नियम केला: जे याच वाडीत मेले त्यांनाच माणशी एक कळशी, त्यांची रांग वेगळी. परशुराम तीच आधी भरायचा. ते पाणी पितं कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं. टँकर त्या रांगेतच संपू लागला.

आमचे सगळे तिकडे दोडामार्गात मेलेले, म्हणजे माझ्याच नियमात न बसणारे. इथे मी आणि आई, तीही तापाने फणफणलेली. टँकरच्या दोन खेपा आमच्या कळश्या कोरड्या परतल्या. पाचव्या दिवशी मी तिच्या नावाची कळशी त्या रांगेत ठेवली.

आईने खिडकीतून मेलेल्यांच्या रांगेकडे पाहिलं. "माजी कळशी थयसर कित्याक रे?"

तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. तरी परशुरामने हात जोडले आणि कळशी भरली.

ती उचलायला वाकलो, तर बाजूला वाडीतलीच जानकी उभी होती. कडेवर तिचं चार महिन्यांचं पोर रडत होतं. त्याच्या तोंडावर पदर ओढून तिने मेलेल्यांच्या रांगेकडे बोट केलं आणि हळूच विचारलं,

"मधुकरबाब, हाची ल्हान कळशी चलतली न्ही?"