तारेवरची तीन काळी बिले

मी एक जुना तारेचा आकडा आहे. खाली एक लाकडी चकती, तिच्यातून वर गेलेली हातभर तार आणि तारेचे टोक मुरडून केलेले अणकुचीदार वळण, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले नसेल. पाहिले असेल तर बोट टोचून घेतले असेल. माझा स्वभावच तसा आहे. जो जवळ येईल त्याला मी आधी टोचतो आणि मग सांभाळतो.

या घरातल्या सासऱ्यांनी मला बाजारातून आणले आणि मागच्या खोलीत खिळ्याला टांगले. त्यांचा एक कडक नेम होता. घरात आलेले बिल त्याच दिवशी तारेवर चढलेच पाहिजे. विजेचे असो, औषधाचे असो की वाण्याचे, आधी आलेले खाली आणि नंतर आलेले वर. मध्येच घुसायची कोणालाही मुभा नव्हती. पाहुणे माझ्याकडे बघून म्हणत, "काय शिस्त आहे तुमच्या घरात!" तेव्हा मी खिळ्यावर जरा ताठच होत असे.

पुढे सून आली आणि तिने त्याच खोलीत शिवणकाम सुरू केले. खोली कसली, अडगळच ती. खिडकी हातरुमालाएवढी, फरशी फुटलेली आणि दिव्याचे बटण दाबले की ठिणगी उडायची. एकदा फुटक्या फरशीत पाय अडकून सासरे पडले आणि त्यांचा हात मोडला. तो प्लास्टरमध्ये असतानाच सुनेने हट्टाने नवी फरशी घालून घेतली. नंतर वायरिंग बदलले, मग मोठी खिडकी बसवली. तिन्ही बिले गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापलेली होती. इतक्या देखण्या कागदांना भोक पाडताना मला मजाच वाटली. खोलीत उजेड आला, गिऱ्हाइके वाढली आणि पै पै साठवून सुनेने दुसरे मशीन घेतले.

मग बिले फोनवर येऊ लागली आणि काही वर्षे माझी कोणाला आठवणच राहिली नाही. माझ्यावर धूळ बसली, तार गंजू लागली. खरे सांगतो, फार वाईट वाटे.

आणि एक दिवस कर खात्याची नोटीस आली. घरातल्या खोलीत धंदा आहे म्हणून त्या खोलीवर केलेला खर्च सुनेने आपल्या उत्पन्नातून वजा दाखवला होता. आता त्या खर्चाचा पुरावा हवा होता. करसल्लागारांनी फोनवर सांगितले, "उद्या सकाळी बिलं घेऊन या. बिलं नसतील तर वजावट गेली. कर भरा, वर दंड भरा."

फोन ठेवून ती स्टुलावर बसली. "बाबा, तसं झालं तर दुसरं मशीन विकावं लागेल हो."

"का म्हणून विकायचं? सगळी बिलं तारेवर आहेत," सासरे म्हणाले. त्यांनी माझ्यावरचा गठ्ठा अलगद उपसून टेबलावर ठेवला. मी उघडावाघडा खिळ्याला लटकत राहिलो.

बिले पार चुरगळलेली होती. "तुमच्या आकड्यानं यांची चाळण केलीय. अशी बिलं साहेबांपुढे कशी ठेवायची?" असे पुटपुटत सुनेने इस्त्री तापत ठेवली. शिवणाऱ्या हातांना सुरकुती म्हणून खपत नाही. रेशमी कापडाला डाग पडू नये म्हणून त्यावर सुती फडके घालतात, तसे तिने तिन्ही बिले गठ्ठ्यातून काढून, प्रत्येकाच्या जागी खुणेची चिंधी ठेवून, ओळीने मांडली, त्यांवर फडके घातले आणि इस्त्री दाबून फिरवली.

मग तिने फडके उचलले. तिन्ही बिले काळी ठिक्कर पडली होती. एक अक्षर दिसत नव्हते. तो कागद उष्णतेने काळा पडतो हे कोणाच्या गावीही नव्हते.

"अगं, हे काय झालं?" सासऱ्यांनी चष्मा लावून वाकून पाहिले. सुनेने घाईघाईने फरशीच्या दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "दुसरी प्रत देईन की, पण तारीख सांगा. नुसत्या नावावर इतक्या वर्षांतलं कुठं शोधत बसू?"

तारीख कोणालाच आठवेना. सासरे म्हणत, "माझा हात मोडला तेव्हाच की." पण तो कोणत्या वर्षी मोडला, यावर दोघांचे जमेना. तिने डोळ्यांना पदर लावला आणि वैतागून गठ्ठा ढकलून द्यायला हात उचलला. माझा जीव टांगणीला लागला. रांग मोडली असती तर सगळेच संपले असते!

पण हात तसाच थांबला. तिची नजर माझ्यावर पडली होती.

"बाबा, पंखा बंद करा. काही हलवू नका." तिने पहिल्या चिंधीच्या खालचे बिल पाहिले. हाताला प्लास्टर घातल्याचे. मग ओळीतले पहिले काळे. त्याच्या वरचे, प्लास्टर काढल्याचे. "फरशी या दोन तारखांच्या मधली!" वायरिंगचे बिल विजेच्या दोन बिलांच्या मध्ये सापडले. दोघांनी मिळून सगळे कागद त्याच क्रमाने, त्याच भोकांतून पुन्हा माझ्यावर चढवले. इतक्या हळुवारपणे मला कोणी कधी हाताळले नव्हते.

संध्याकाळपर्यंत दोन दुकानांतून प्रती मिळाल्या. खिडकीचे दुकान मात्र कधीच बंद झाले होते. करसल्लागारांपुढे सुनेने स्वतःच सांगितले, "खिडकीचा खर्च काढून टाका. पुरावा नाही." तो महिना घरात कोणी मोठ्याने हसलेदेखील नाही. शेवटी पत्र आले. उरलेली वजावट मंजूर झाली होती. खिडकीपुरता कर भरावा लागला, पण दुसरे मशीन घरात राहिले. त्या दिवशी सुनेने दोन्ही मशीनना तेल घातले आणि उरलेला थेंब माझ्या तारेला चोळला.

मित्रांनो, घरासाठी काही केलेत तर त्याचा कागद जपा. चकचकीत बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, आणि कागद आले तसे रांगेत ठेवा. माझ्यासारखा टोचरा राखणदार घरात असेल तर त्याला अडगळीत टाकू नका.

खिडकीचे काळे बिल अजून माझ्यावर आहे. त्यावर वाचण्यासारखे काहीच नाही. रोज त्या खिडकीतून ऊन येते, आधी दोन्ही मशीनवर पडते आणि मग त्या बिलावर. सासरे म्हणाले होते, "काढून टाक आता ते." सून म्हणाली, "राहू द्या बाबा. ते त्याच्या जागेवर आहे."