मृदुभाषी सुतार

पुरस्कारातून सुताराच्या पदरात पडणार होतं ते असं: काचेची एक जड बाहुली, वर्तमानपत्रात फोटो, आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या सल्लागार मंडळात एक खुर्ची. बाहुलीला त्याने आधीच नोकरी लावून टाकली होती. प्लायवर सनमायका चिकटवला की वर ठेवायला वजन लागतंच. फोटो बायकोने हवा तिथे लावावा. त्याचा जीव अडकला होता तो खुर्चीत. जन्मभर लोकांच्या बुडाखाली खुर्च्या दिल्या, ही एवढी एकच तो स्वतःसाठी मागत होता.

सुताराला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्याच्या बायकोलाही. त्यांना मुलगी झाली तेव्हा बाळाचा श्वास जरा अडखळत होता, म्हणून नर्सने ते उचलून काचेच्या पेटीत ठेवायला वरच्या मजल्यावर नेलं. चांगलंच केलं. फक्त आईला सांगायचं राहून गेलं. खाली सुताराला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत होते, आणि वर वॉर्डात त्याची बायको भिंतीकडे तोंड करून, बाळ गेलं असं समजून दिवसभर रडत होती. गेलेलं बाळ डोक्यावरच्या मजल्यावर मजेत दूध पीत होतं.

ती मुलगी आता कॉलेजात जाते आणि आईशी यथास्थित भांडते. पण सुताराची मागणी तेव्हापासून एकच: हॉस्पिटलात खुणांची भाषा येणारा माणूस ठेवा. दिवसा ठेवा, रात्री ठेवा.

या एका मागणीभोवती हळूहळू माणसं जमली. संध्याकाळी करवत थांबली की त्याच्या वर्कशॉपमध्ये बाकं भरायची. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात भुसा तरंगत असायचा, आणि त्या सोनेरी धुक्यात हात हलायचे, थांबायचे, एकमेकांना तोडून पुढे जायचे. कुणाला हाक मारायची तर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. ती हाक तळव्यांतून वर चढायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सगळे पाण्याखाली बसलेत आणि कुणालाच वर यायची घाई नाही. आत मात्र शिव्यांचा पाऊस चालू असायचा. त्यात सुताराचा हात कुणी धरू शकत नसे. करवतीने त्याचं एक बोट अर्धं नेलं होतं, म्हणून तिथे त्याच्या नावाची खूणच अर्धं वाकवलेलं बोट होती. बोट अर्धं, जीभ दीडपट, असं त्याची बायको म्हणायची.

आणि असा हा माणूस गावभर मृदुभाषी म्हणून ओळखला जात होता. वर्तमानपत्राने तर तसं छापलंच. सुताराने ते कात्रण हसत हसत गोंदाच्या डब्यावर चिकटवलं. पेपरवाले काहीही लिहितात, त्याला वाटलं.

ही सगळी करणी धाकटीची. धाकटी म्हणजे त्याची बहीण. तिला ऐकू येतं, आणि लहानपणापासून भावाचे हात पाहून ती त्याच्यासाठी बोलते. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगते. तिचा आवाज असा, की लोक दाढ काढून घेतात आणि वर तिचे आभार मानतात.

शाळेत असताना भावाने हेडमास्तरांना माकड म्हटलं, तेव्हा तिने सांगितलं, “दादा माफी मागतोय, सर.” त्या एका वाक्यावर त्याची शाळा वाचली. पोरगी तेव्हाच शिकली की सत्याला थोडं तेल लावलं तर दार करकरत नाही. पुढे अधिकाऱ्याला भाऊ म्हणाला, “बैलालासुद्धा घरचा रस्ता सापडतो, तुम्हाला फाइल सापडत नाही?” धाकटी म्हणाली, “साहेब, आपण लक्ष घातलंत तर नक्की सापडेल.” साहेब हसले, खांद्यावर थाप मारली, चहा पाजला.

सुतार घरी येऊन बायकोला सांगायचा, “ऐकणाऱ्या लोकांची सहनशक्ती मानली पाहिजे. तोंडावर बैल म्हटलं तरी चहा देतात.”

“काम करतात का?” बायको विचारायची.

“काम नाही करत. पण मनाला लावून घेत नाहीत.”

अशी वर्षं गेली. त्याची कीर्ती वाढत राहिली, मागणी होती तिथेच राहिली, आणि ही दोन्ही रोपं एकाच हातच्या पाण्यावर आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुरस्काराच्या कार्यक्रमाच्या दुपारी सभागृहाच्या उंच खिडक्यांतून दुधासारखा उजेड आत सांडत होता. पुढच्या रांगेत हॉस्पिटलच्या प्रमुख, मोठ्या बाई, मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. डावीकडच्या रांगा वर्कशॉपवाल्यांच्या. मंचाच्या मागे भलामोठा पांढरा पडदा होता. माइकवर जे बोललं जाईल ते त्यावर आपोआप उमटणार होतं, आणि बाजूला बसलेला एक माणूस जुन्या ओळी पुसत जाणार होता. ही सोय सुताराच्या बायकोने करून घेतली होती. सभागृहाच्या व्यवस्थापकापुढे तिने आपला फोन धरला, त्यावर लिहिलं होतं, ‘पडदा नसेल तर आम्ही बघायला काय येऊ, तुमचे टाय?’ त्याने दुसऱ्याच दिवशी पडदा मागवला. ही मागणी धाकटीच्या हातून गेली नव्हती.

मंचावर चढताना सुतार बहिणीला म्हणाला, “आज बाई समोर आहेत. सगळं सांगणार. एक शब्द खाऊ नकोस.”

“दादा, मी कधी खाल्लेत का?”

हे तसं खरंच होतं. ती शब्द खात नसे, बदलून देत असे.

सुताराचे हात उठले. “मोठ्या बाई, तुमच्या हॉस्पिटलात भिंतींना कान असतील, पण माणसांना डोळे नाहीत.”

“आदरणीय बाई,” धाकटी माइकवर म्हणाली, “आपल्या हॉस्पिटलने आम्हाला नेहमीच आपलं मानलं.”

पडद्यावर अक्षरं सावकाश उगवली. डावीकडच्या रांगांतली डोकी हातांकडून पडद्याकडे वळली आणि परत हातांकडे आली. कुणीतरी हसलं.

“माझ्या बायकोला दिवसभर रडवलंत, आणि संध्याकाळी बाळ आणून दिलंत, हरवलेली छत्री परत करतात तसं.”

“माझ्या मुलीचा जन्म आपल्याकडचाच. त्या दिवसाची आठवण आम्हा दोघांना आजही आहे.”

उजवीकडून टाळ्या झाल्या. मोठ्या बाईंनी डोळे टिपले. डावीकडचं हसू मात्र विरत गेलं, जसं ढग आल्यावर अंगणातलं ऊन जातं. मग जमिनीवर एक पाय आपटला. पुन्हा आपटला. सुताराच्या तळव्यांना तो पाय ओळखू आला. बायको उभी होती आणि त्याच्या पाठीमागे बोट दाखवत होती.

तो वळला. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही हे कळल्यावर सुतार जसा पाहतो, तसा तो त्या ओळींकडे पाहत राहिला. वेळ जणू भुशासारखा हवेत लटकला. मग त्याने बहिणीकडे तोंड केलं.

“कधीपासून?” त्याच्या हातांनी विचारलं.

“शाळेपासून,” तिच्या हातांनी सांगितलं.

डावीकडच्या सगळ्यांनी ते पाहिलं. उजवीकडे कुणाला काहीच कळलं नाही, आधीच्या ओळी पुसून पडदा कोरा झाला होता.

“म्हणजे बाईंपर्यंत काही पोचलंच नाही? इतकी वर्षं?”

“दादा, ते तुला हाकलून देतील म्हणून...”

“परत सांगतो. उघडं सांग.”

“खुर्ची जाईल रे. आज नको. खाली उतरल्यावर मला मार हवं तर.”

“भिंतींपासून,” तो म्हणाला, आणि त्याचे हात पुन्हा उठले.

धाकटीने माइक धरला. दवाखान्यातला आवाज आला नाही. त्याच्या खाली कुठेतरी दुसरा एक होता, कोरडा, न वापरलेला, तो निघाला. भिंती, कान, डोळे, बाळ, छत्री. एक एक वाक्य ती जसंच्या तसं ठेवत गेली आणि पडद्यावर ते उमटत गेलं. शेवटचं वाक्य तिथेच राहिलं, कारण पडदा पुसणारा माणूस वाचत बसला होता. मोठ्या बाईंचा रुमाल अर्ध्यात थांबला. उजेड मात्र होता तसाच, दुधाचा, जणू त्याला कशाचीच खबर नव्हती.

बाहुली घाईघाईत दिली गेली. सुताराची बायको मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि फोनवर लिहिलं, ‘ते बाळ माझं.’ बाईंनी ते वाचलं. मग तिने आणखी लिहिलं, त्याही वाचत राहिल्या. गाडी बाहेर ताटकळत होती.

काही दिवसांनी धाकटी वर्कशॉपमध्ये आली आणि दारातच पाय आपटला.

“मंडळातली खुर्ची ते मला देतायत,” तिचे हात म्हणाले. “म्हणे, दोन्ही बाजू समजणारं माणूस हवं.”

सुताराने रंधा खाली ठेवला. “तू काय सांगितलंस?”

“नाही म्हणाले.”

“कसं म्हणालीस?”

“नाही, असंच. पुढेमागे काही लावलं नाही.”

“बाई काय म्हणाल्या?”

“चहा नाही दिला.”

त्यावर सुतार जरा हसला, पण तिला बस म्हणाला नाही. ती आपणहून बाकाच्या टोकाला बसली. आता सभांना दुसरी दुभाषी येते, सपाट आवाजाची. ती बैलाला बैल म्हणते. सभांची आमंत्रणं कमी झाली आहेत. हॉस्पिटलात खुणांची भाषा येणारी एक मुलगी दिवसभर बसते. रात्रीचं काय, यावर विचार चालू आहे म्हणतात.

तेव्हा या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं, ते मांडायचं तर असं. सुताराने खुर्ची भरली आणि मृदुभाषी हे नाव भरलं, त्याचं त्याला दुःख नाही. मोठ्या बाईंनी एक दुपार भरली. धाकटीने भावाचा आवाज भरला. आता तो तिला जेवलीस का विचारतो, त्याहून लांबचं काही सांगत नाही. आणि बाकीचं सगळं त्या लोकांनी भरलं, जे मधल्या वर्षांत त्या हॉस्पिटलात गेले, हलणाऱ्या तोंडांकडे पाहत पडून राहिले, आणि ज्यांची नावं सुतारालाही माहीत नाहीत.