एकोणनव्वदाव्या मिनिटाचा चेंडू

माझा नवरा वारला हे मला बसथांब्यावर कळलं. सकाळी पाव आणायला निघाले होते. थांब्याच्या काचेवर आधी वारलेल्या तिघांच्या शेजारी ताजं निधनपत्रक डकवलेलं, अजून खळही वाळली नव्हती. काळी चौकट, वर क्रूस, मध्ये रांगेलचा फोटो. खाली लिहिलेलं, 'रांगेल देर्मेंजिएव्ह, डिफेंडर. तीनशे बारा सामने. कृतज्ञ क्लबतर्फे. शनिवारी अकरा वाजता, स्टेडियमवर.' आणि हा डिफेंडर त्या क्षणी आमच्या मागच्या अंगणात लाल मिरच्या भाजत बसला होता, आणि चिमटा सापडत नाही म्हणून माझ्या नावाने शंख करत होता.

मी ते पत्रक ओरबाडून काढलं.

"अगं वेलिचका, फाडू नकोस गं!" शेजारची झ्लाटका मागून धावत आली. "मला कळतंय तुझ्या मनाचं..."

"काय कळतंय तुला? घरी मिरच्या भाजतोय तो!"

"हो गं बाई, हो," म्हणून तिने माझा हात थोपटला. "माझाही नवरा मला महिनाभर दिसत होता."

आता या बाईला काय सांगायचं? डोकं असं फिरलं की पाव न घेताच तडक फुटबॉल क्लबात गेले. तिथला सेक्रेटरी ओग्न्यान मला बघून खुर्चीतून उठला, मग परत बसला, मग पुन्हा उठला.

"काकू, आम्ही सत्काराचं पत्रक सांगितलं होतं हो. शनिवारी सामन्याआधी काकांचा सत्कार आहे ना, त्याचं. पण तो छापखानेवाला दिवसभर निधनाचीच पत्रकं काढतो. या गावात आता दुसरं छापून घेतं कोण? फोटो, नाव आणि वेळ दिसली, की हात आपोआप काळ्या चौकटीकडे जातो त्याचा."

"आणि डकवणाऱ्याला डोळे नव्हते?"

"त्याने नेहमीच्या जागी लावली. झाडं, थांबे, इमारतींची दारं."

"किती?"

"ऐंशी," ओग्न्यान टेबलाकडे बघत म्हणाला. "काढायला माणूस पाठवतो, पण तो दुपारनंतर येतो."

घरी येऊन रांगेलला पत्रक दाखवलं. वाटलं होतं चिडेल. कसलं काय! काळे पडलेले हात पँटला पुसले, चष्मा चढवला आणि म्हणतो, "फोटो बरा आलाय. तेव्हा केस होते मला."

"रांगेल, अख्खं गाव तुला मेला समजतंय!"

"बरंच झालं की. आता शनिवारी जायला नको."

घ्या! आठवडाभर मी त्याच्या सुटाला ब्रश मारतेय, आणि हा रोज एकच पालुपद लावतोय, मेतोदी तिथे असेल तर मी मैदानात पाय ठेवणार नाही. मेतोदी म्हणजे त्यांचा गोलकीपर. छत्तीस वर्षांपूर्वी कपच्या सेमीफायनलला, एकोणनव्वदाव्या मिनिटाला, या दोघांच्या मधोमध एक लांब चेंडू पडला. रांगेल म्हणतो, मी 'तुझा' म्हणून ओरडलो आणि बाजूला झालो. मेतोदी गोलरेषेवरून हललाच नाही. राजधानीच्या, सोफियाच्या संघाचा एक काटकुळा फॉरवर्ड आला आणि त्याने चेंडू हळूच आत ढकलला. संपलं. पेपरात मेतोदी बोलला, चेंडू डिफेंडरचा होता. राष्ट्रीय संघाकडून रांगेलला बोलावणं येणार होतं, ते आलंच नाही. तीनशे बारा सामने खेळला हा माणूस, दोनदा नाक मोडलं, गुडघ्याचं पार भुस्कट झालं, आणि गावाला आठवतो तो एकच चेंडू. बाजारात टोमॅटो विकणारासुद्धा म्हणतो, "सोडू नका हां, हे तुमचेच आहेत."

रांगेलला मेतोदीच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, चेंडू माझा होता. ते ऐकल्याशिवाय तो मरणारही नाही आणि मला सुखाने जगूही देणार नाही, हे मी केव्हाच ओळखलं होतं.

दुपारपर्यंत सतरा फोन आले. "जिवंत आहे," "जिवंत आहे हो," "अहो, जेवतोय तो!" असं सांगून माझा घसा बसला. रांगेल मात्र स्वयंपाकघरात आरामात मिरच्या सोलत होता आणि प्रत्येक फोननंतर विचारत होता, "कोण होतं? रडला का?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात मेतोदी. काळा कोट, हातात सहा शेवंतीची फुलं, मयताला नेतात तशी सम संख्येत. मी तोंड उघडणार तोच तो हमसून रडायला लागला. एवढा सहा फुटी माणूस! मला बाजूला सारून आत आला आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर कोसळला.

"मेतोदी, अरे ऐक..."

"नाही, तू ऐक वेलिचका. आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही." त्याने बाहीने नाक पुसलं. "चेंडू माझा होता. मी पुढे यायला हवं होतं. घाबरलो. पाय हललेच नाहीत. पेपरवाल्याने विचारलं, तेव्हा तोंडातून त्याचं नाव निघून गेलं."

मी सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण मला ते वाक्य ऐकायचं होतं. रांगेलइतकंच मलाही.

"दाफिना मला शेवटपर्यंत सांगत होती," मेतोदी म्हणाला. "जा, माफी माग, मला माझी मैत्रीण परत हवी आहे. आजारपणात रोज विचारायची, वेलिचका आली होती का?"

दाफिना त्याची बायको. आम्ही दोघी एकाच कढईत टोमॅटो-मिरचीची चटणी घोटत असू, एकमेकींच्या पोरांना न्हाऊ घालत असू. सेमीफायनलनंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला बुडवलं होतं ना! चार वर्षांपूर्वी तिचं निधनपत्रक याच बसथांब्यावर वाचलं, आणि पाव घेऊन घरी आले.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. रांगेल उभा, कोपरापर्यंत लाल, हातातून मिरचीचा रस गळतोय. मेतोदीने भराभर तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली, मग रांगेलला आपादमस्तक बघितलं आणि गरजला, "मेल्या! जिवंत आहेस तू?"

मला वाटलं आता हा छाती फुगवणार, शनिवारी माइकवर बोल म्हणणार. पण रांगेलचा चेहरा पडलेला होता. तो धप्पकन खुर्चीत बसला.

"मेतोदी," तो म्हणाला, "मी ओरडलो नव्हतो."

"काय?"

"'तुझा' म्हणून. सगळ्यांना सांगितलं ओरडलो म्हणून. नव्हतो ओरडलो. वाटलं, तू येतोयसच."

मेतोदी त्याच्या खांद्यावर एक जोरदार गुद्दा हाणून हसत सुटला. "गाढवा! छत्तीस वर्षं मी समजतोय, मला ऐकू आलं नाही!" रांगेलही हसायला लागला. पाच मिनिटांत राकिया दारूची बाटली टेबलावर आली, लहान ग्लास आले, आणि दोघे मिठाची डबी फॉरवर्ड आणि मिरची चेंडू करून कोण कुठे उभा होता यावरून पुन्हा हमरीतुमरीवर आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ओरडला नव्हता. रोज माझ्या शेजारी झोपून, रोज माझ्या हातचं जेवून, मलाही त्याने हेच सांगितलं. आणि मी मूर्ख बाई, त्याच्या त्या एका शब्दासाठी अख्ख्या गावाशी भांडले.

मी कोट अंगावर चढवला.

"वेलिचका, थोडं चीज काप ना," रांगेल मान वर न करता म्हणाला. "अगं, कुठे निघालीस?"

"दाफिनाकडे."

दोघांचंही हसणं थांबलं. मेतोदी अर्धवट उठला. "मी येऊ का बरोबर? कबर कुठे आहे ते तुला..."

"बस खाली," मी म्हटलं. "मी रस्ता विचारत जाईन."