खोकल्याची जागा

"थांबा," तृप्तीने वहीवर बोट ठेवलं. रंगमंचावर घनश्याम मरून पडला होता. त्याच्या उशाशी आईचं काम करणाऱ्या लीलाबाई रडून थकल्या होत्या. उदाचा धूर वर चढत होता आणि दिवे तसेच लख्ख.

"परसरामकाका, इथे अंधार व्हायला हवा ना?"

परसरामने काळ्या पडद्याआडून डोकं काढलं. "इशारा कुठी झाला, बाई?"

उद्या आंधळगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, हंगामातला पहिला प्रयोग होता. एकोणीस वर्षं नाटक मंडळीचं सामान, दिवे, पडदे, कोणी कधी कुठून यायचं, सगळं गोमाजींनी सांभाळलं. श्रावणात ते गेले. वही त्यांच्या मुलीकडे, तृप्तीकडे आली, वहीमागून कामही आलं. वाचनालयातून रजा घेऊन ती ते शिकत होती. प्रत्येक इशारा बाबांच्या गोल अक्षरात लिहिलेला होता. या पानाचा समास मात्र कोरा.

"कोणता इशारा?"

"गोमाजीभाऊ खोकलत ना इथं. उदाचा धूर झाला का खोकलत. मंग मी लाईट खाली घेत होतो."

"लिहिलेलं नाही."

"लिवाचं काय त्याच्यात? टायमिंग पक्कं होतं गड्याचं." तो हसला. तिच्याकडे पाहून त्याने उगाच वायर गुंडाळायला घेतली.

"कधीपासून, काका?"

"तीन सीजन झाले असतीन."

घरात खोकला ऐकू आला तो यंदाच्या उन्हाळ्यात. डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस काय करत होतात? तिन्ही हंगामांत ती एकदाही नाटकाला आली नव्हती.

"मी उठू का?" घनश्याम पडल्यापडल्या म्हणाला. "माही पाठ गेली."

"मुर्दा हायेस, गप पड," लीलाबाईंनी त्याला दटावलं.

तृप्तीने पेन्सिल उचलली. "मी टॉर्च दाखवीन. दोनदा."

"दाखव. पण मी रडू किती, थे सांग." लीलाबाई पदर सारखा करत राहिल्या. "मागच्या साली त्याईचा खोकला थांबेच ना. लोकाइले ऐकू जाऊ नये म्हणून मी आपली मोठ्यानं रडतच राहो. लोक म्हणत, लीलाबाई काय रडते! आता तू सांगशीन तेवढं."

पेन्सिल समासावर टेकली, पण हलली नाही.

"मावशी, पहिल्या वर्षी कसा होता?"

लीलाबाईंनी मूठ तोंडाशी नेली. मान किंचित डावीकडे वळवली. एकदाच खोकलल्या. कोरडं, हलकं, घसा साफ केल्यासारखं.

"येवढुसाच. कोणाले समजलं असतं, पोरी?"

पडद्याआड परसरामचा हात आपोआप चालला. दिवे हळूहळू उतरले, अंधार झाला.

"अजून एकदा," तृप्ती म्हणाली.