सोनेरी रंग दिलेला बूट

मी एक जुना धावण्याचा बूट आहे. मित्रांनो, मला फार राग आला आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

आमच्या बेटावरच्या बेल फाँ गावात खिळ्यांच्या बुटांची एकच जोडी होती. मी त्यातला डावा. आम्हाला मालक नव्हता. ज्याची शर्यत, त्याच्या पायात आम्ही. सैल झालो तर पुढे चिंधी कोंबायची, घट्ट झालो तर बोटं मुडपायची आणि शर्यत संपली की पुसून पुढच्याला द्यायचं. चौघांनंतर आम्ही मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीकडे, वर्निसकडे आलो. गाई हाकलून, गवतावर चुन्याच्या रेघा मारून ती धावायला शिकली आणि आम्हाला घालूनच तिने जागतिक स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं.

मग काय विचारता! शाळांना सुट्टी, ट्रकवरून मिरवणूक. मंत्र्यांनी धावपट्टीचा शब्द दिला. धावपट्टी आजतागायत आलेली नाही. काचपेटी मात्र आठवड्यात आली. आमचे खिळे उपटले, अंगावर सोनेरी रंग चोपडला आणि विमानतळावर मांडून ठेवलं.

अकरा वर्षांनी वर्निस आली. आता ती गावात मुलांना शिकवते. सोबत जोवेल नावाची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिची निवड चाचणी होती आणि पायात घालायला काही नव्हतं.

"एका दिवसासाठी द्या," वर्निस म्हणाली. "खिळे मी बसवते."

"मिस वर्निस, ही देशाची ठेव आहे हो. तुमचाच मान आहे," विमानतळावरचा अधिकारी गोड हसला.

"माझा ना? मग उघड पेटी."

माणसं जमली, तशी त्याने मुकाट्याने उघडली. जोवेलने पाय घातला, चवडा वाकवला आणि इतक्या वर्षांत वाळून कडक झालेला माझा तळ मधोमध तडकला.

"मिस, हा तर गेला कामातून," जोवेल म्हणाली.

"मीच घालवला," वर्निस म्हणाली. "गावाची जोडी होती आणि देऊन टाकायच्या कागदावर सही माझ्या एकटीची."

तिने आम्हाला काखोटीला मारलं आणि ती चालू लागली. अडवायची कोणाची छाती झाली नाही.

जोवेल अनवाणी धावली. ओल्या गवतावर पहिल्याच पावलाला घसरली आणि शेवटच्या रेषेवर पहिलीच्या वीतभर मागे राहिली. निवड एकीचीच व्हायची होती.

काचपेटीत आता दुसरीच सोनेरी जोडी आहे. कोणाला पत्ताही नाही. मित्रांनो, बुटाला हार घालू नका. झिजेपर्यंत पायात घाला.