पोळ्याचा मान आणि मोशेचं मरण

माणिकराव हैदराबादेत एका वकिलाकडे आठ दिवस राहून आले, तेव्हापासून गावात कोणाला धड बोलू देईनात. सन एकोणीसशे अडतीस, पोळ्याचा आदला दिवस. चावडीत पंच बसले होते. तोरणाखालून पहिले बैल माणिकरावांचे की विधवा पंचफुलाबाईचे, याचा निकाल व्हायचा होता. गावातलं सर्वांत जुनं घर बाईच्या सासऱ्यांचं, त्यामुळे रीतीनं मान तिचा ठरत होता. पण माणिकरावांकडे त्यांच्या मूळपुरुषाच्या, नामाजींच्या, हातचा कागद होता. पहिला मान आपल्याला मिळाला, असं त्यात खुद्द नामाजींनी लिहून ठेवलं होतं म्हणे. त्या जोरावर तीन पिढ्या त्यांचेच बैल पुढे जात; यंदा बाईनं हरकत घेतली होती. दर दसऱ्याला घरात त्या कागदाला हळदकुंकू वाहत. वाचला मात्र कोणी नव्हता, कारण तो मोडी लिपीत होता.

जवळा बाजार या गावी धर्मपुस्तकं विकून परतणाऱ्या शमुवेल मास्तरांना मोडी येत होती, म्हणून पंचांनी त्यांना बोलावून घेतलं. मास्तर ख्रिस्ती. माणिकरावांनी मागवलेला चहा पिता पिता ते सहज बोलून गेले, की यहुद्यांची पहिली पाच शास्त्रं तीन हजार वर्षांमागं त्यांच्या मोशे नावाच्या संदेष्ट्यानं स्वतः लिहिली. झालं! हा वाद माणिकरावांनी वकिलाच्या बैठकीत ऐकला होता; त्यांच्या अंगात वकील संचारला.

"मास्तर, त्यात मोशे मेल्याचं लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय की."

"अन् त्याची कबर आजपावेतो कोणाला ठाव न्हाई, असं बी?"

"तेही आहे."

"मग मेलेला माणूस लिवून राहिला का? लई मागून कोणीतरी लिवलं अन् मोशेचं नाव लावलं!"

"शेवटचं तेवढं शिष्यानं जोडलं असेल," मास्तर शांतपणे म्हणाले.

"एक ओळ दुसऱ्याची निघाली, की सगळा कागद खोटा! कोर्टात असंच चालतं."

चावडी खूश झाली. पंच संपतरावांनीही मान डोलावली. माणिकरावांनी मिशीला पीळ दिला आणि ऐटीत आपला कागद मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी कुंकू झटकून वाचायला घेतलं. मान मिळाल्याचं बरोबर लिहिलं होतं. पुढे ते जरा अडखळले. "नामाजी वैकुंठवासी झाले. त्यांची समाधी आजही ओढ्याकाठी आहे."

दाराशी बसलेल्या पंचफुलाबाईनं पदर सावरला. "काहून हो भावजी, नामाजीबाबा समाधीतून उठून लिवाया बसले का?"

माणिकरावांचा मिशीवरचा हात खाली आला. मास्तरांनाच त्यांची दया आली. "लेकानं मागून जोडलं असेल," ते म्हणाले.

"बराबर! अन् मोशेचं बी तसंच झालं असंल, मास्तर. बाकीचं सगळं त्यानंच लिवलं!"

संपतरावांनी हसू दाबलं. "आता न्हाई जमायचं, माणिकराव. कायदा तुमीच सांगितला."

पोळ्याला पंचफुलाबाईचे बैल डुलत डुलत तोरणाखालून पुढे गेले. सजवलेली जोडी धरून मागे उभ्या राहिलेल्या माणिकरावांना स्वतःचाच संताप आला. तीन पिढ्या गावानं तो कागद न वाचता मानला होता. शंका घ्यायची अक्कल गावाला त्यांनीच दिली, तीही चहा पाजून.