कॉम्प्युटरात अडकलेलं लग्न

प्रमिलाबाईला त्या कॉम्प्युटरची पहिल्या दिवसापासून किळस यायची. एक तर त्याचा रंग, तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा पिवळट. त्यात चालू केला की पोटातून घरघरत राहायचा, दम्याचा पाहुणा घरात आणून बसवावा तसा. आणि एवढं धूड घरातल्या एकुलत्या एक टेबलावर बसलेलं, म्हणून माणसांनी जेवायचं खाली.

तिचा मुलगा भूपेंद्र सुरतच्या रिंग रोडवरच्या एका शेठकडे कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचा. शेठनं नवे कॉम्प्युटर आणले तेव्हा जुन्यातला एक भूपेंद्रच्या गळ्यात मारला. त्याच महिन्यात घरच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. कोणी शहाणा असता तर टीव्ही दुरुस्त केला असता. यानं तो भंगारात घातला, कुठूनसं टीव्हीचं एक कार्ड आणून कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलं आणि केबलची वायर त्यात लावली.

"माय, आता एकाच डब्यात दोन्ही कामं," तो म्हणाला.

"संडास अन् मोरी एकात केली म्हणून कोणी पेढे वाटत नाही," प्रमिलाबाई म्हणाली.

नवागामच्या त्या गल्लीत तिला सगळे जिजी म्हणत. पहिला रंगीत टीव्ही तिच्या घरात आला होता. कोणत्या बाईनं कुठं बसायचं हे ती ठरवायची आणि रिमोट तिच्या मांडीखाली असायचा. आता रिमोटच नव्हता. टीव्ही बघायचा तर सुनेला हाक मारावी लागे. मग सुषमा हात पुसत येणार, खुर्चीवर बसणार, बटण दाबणार आणि ते यंत्र जागं होईपर्यंत इकडे मालिकेतलं निम्मं भांडण उरकून जाणार. चित्र यायचं तेही पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत. सून खुर्चीवर आणि सासू खाली चटईवर, मान वर करून. असलं बसणं प्रमिलाबाईच्या सात पिढ्यांत कोणी बसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या डब्याला येत होती. चालू टीव्हीतलं चित्र तो जागेवर थांबवायचा. आवाज पुढे चालत राहायचा आणि माणसं पुतळ्यासारखी उभी. सुषमानं हे दाखवल्यापासून गल्लीतल्या बायका पुन्हा यायला लागल्या. मालिकेतल्या बाईचा हार आवडला की थांबव, ब्लाऊजची पाठ आवडली की थांबव. समोरची इंदुबाई शिवणकाम करायची. ती तर वहीच घेऊन बसायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात प्रमिलाबाईनं भावाशी संबंध तोडला होता. भाऊ चिंधा तापीपलीकडे कोसाडला राहायचा. त्याच्या पोरीचं, छायाचं लग्न ठरलं, पत्रिका आली. प्रमिलाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून एकेक अक्षर लावत तिनं खालची नावं वाचली. चिंधाच्या बायकोची बहीण शांताबाई वर आणि सख्खी बहीण प्रमिलाबाई तिच्या खाली. तिनं पुन्हा वाचलं. तरी खालीच.

"मेव्हणी वर अन् बहीण खाली," तिनं गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझ्या घरचं कुत्रंसुद्धा त्या मांडवात जाणार नाही. जो जाईल त्यानं माझ्या चुलीवरचं अन्न खाऊ नये."

लग्नाच्या दिवशी ती दारातच बसून राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. भूपेंद्रला त्या दिवशी शेठनं अर्जंट कामाला बोलावलं होतं. शेठचं काम, त्याला कोण काय म्हणणार.

त्याला बारा दिवस झाले. रविवारची दुपार होती. भूपेंद्र दाढी करायला सलूनमध्ये गेला होता. इंदुबाई वही घेऊन आलेली, शेजारच्या आणखी दोघी-तिघी. केबलवाल्या मगनभाईचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर तो दुपारी लग्नाच्या कॅसेटी लावायचा. त्याचा साडू लग्नांचं शूटिंग करत गावभर फिरायचा, त्याच्याच त्या कॅसेटी. कोणाचंही लग्न असो, बायकांना साड्या बघायला मिळत.

चौकटीत मांडव दिसला. मग घाम पुसणारा एक जाड माणूस दिसला आणि प्रमिलाबाईची पाठ ताठ झाली.

"हा तर चिंध्या."

सुषमाचा हात माऊसवर, त्या शेपटीवाल्या डबीवर होता. "जिजी, दुसरं लावते. आपल्याला काय करायचंय त्यांचं लग्न."

"राहू दे," प्रमिलाबाई म्हणाली. "बघू दे बायकांना, बहिणीला सोडून कशी लग्नं होतात ती."

मग ती सुटलीच. मांडवाला कापड कसलं, तर गोणपाट बरं. वाढपी बघा, घाम टपटप वरणात. नवरदेवाची मान बघा, जशी कुणी उसनी आणून बसवलीये. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या डब्यासमोर बसून प्रमिलाबाईला बरं वाटत होतं. सुषमा मात्र हसत नव्हती.

"जिजी, भाजी करपेल. बंद करू?"

"करपू दे. आता मंगलाष्टकं आली."

त्यांच्या भावकीत मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे पेटता दिवा घेऊन आत्या उभी राहते. तो मान आत्याचाच. प्रमिलाबाईनं तिच्या मोठ्या भावाच्या दोन्ही पोरींच्या लग्नांत दिवा धरला होता. आता तिला एवढंच बघायचं होतं की तो दिवा शांताबाईच्या हातात दिला की काय. दिला असेल तर भावाचं नाव ती या जन्मात घेणार नव्हती.

गर्दी हलली. नवरीच्या डोक्यामागे ज्योत दिसली. हात दिसला, पण चेहऱ्यासमोर कोणाचा तरी फेटा.

"थांबव," ती म्हणाली.

"जिजी..."

"थांबव म्हटलं ना."

सुषमानं थांबवलं. फेटा बाजूला झाला होता. मागे एक माणूस दिवा धरून उभा होता. पण पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत तोंड ते केवढं, चिंचोक्याएवढं.

"मोठं कर."

सुषमानं सासूकडे एकदा पाहिलं आणि मोठं केलं. चित्र सगळ्या काचेवर पसरलं. ठिपके-ठिपके झालेला, कपाळाला गुलाल लावलेला, डोळे अर्धवट मिटलेला भूपेंद्र सगळ्या बायकांसमोर दिवा धरून उभा राहिला.

आवाज चालूच होता. मंगलाष्टकं संपली, बँड सुरू झाला.

"काढ ते," प्रमिलाबाई म्हणाली.

सुषमानं डबी हलवली, बटणं दाबली. काहीच हललं नाही. "हँग झाला, जिजी."

"म्हणजे काय?"

"अडकला. आता काही करू शकत नाही."

"मग वायर ओढ."

"पडद्याचं बटण मोडलंय, दोन्हीला वायर एकच. अन् ह्यांनी सांगितलंय, वायर ओढायची नाही. शेठचं डिझाइन आहे आत, सगळं जाईल."

टीव्ही असता तर बोटानं एक बटण दाबून ती बला घालवता आली असती. हे भिकार यंत्र तिच्या पोराचं थोबाड गल्लीला दाखवत बसलं होतं. प्रमिलाबाईनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्यावर टाकला. टॉवेल आखूड होता. खालून दिवा आणि हात दिसतच राहिले.

इंदुबाईनं वही मिटली. "म्हणजे जिजी, तुमच्या घरून गेलं होतं वाटतं कोणी," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "मी आपलं ऐकलं होतं, कुत्रंसुद्धा नाही म्हणून."

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या नवागाममध्ये जाणार होतं. आणि याच घटकेला भूपेंद्र गुळगुळीत दाढी करून, पावडर लावून दारात आला. त्यानं बायका पाहिल्या, टॉवेल पाहिला, टॉवेलाखाली आपलाच हात पाहिला.

"गयथा तू?" आईनं विचारलं. चिडली की 'गेला होतास का' हेही ती अहिराणीतच विचारी.

"गयथू," तो म्हणाला. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"माझ्या चुलीवरचं खाऊन?"

"माय, मी मागे उभा होतो. जेवणार पण नव्हतो. भटजी म्हणाले, आत्या कुठंय. मामा सगळीकडे बघायला लागले. तेवढ्यात शांतामावशीनं दिवा उचलला, काडी पण लावली. मी जाऊन तिच्या हातातून घेतला. म्हटलं, आत्या नसली तर आत्याच्या घरचा माणूस धरेल. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"शांती काय म्हणाली?"

"काय म्हणणार. बसली जाऊन खुर्चीवर."

पोरानं शब्द मोडला होता, बारा दिवस तोंडावर खोटं बोलला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि शांती दिव्यावाचून खुर्चीवर जाऊन बसली होती. या दोन गोष्टी प्रमिलाबाईला एकाच घासात गिळायच्या होत्या. समोर इंदुबाई वाट बघत होती.

"ऐकलंस का, इंदू?" प्रमिलाबाई म्हणाली. "जेवायला कोणी गेलं नव्हतं. मान घ्यायला गेलं होतं. आमच्या घरचा दिवा आमच्याच हातात राहिला. हे पण सांग, जिथं जिथं सांगशील तिथं."

बायका उठल्या. दार लोटल्यावर तिनं मुलाकडे पाहिलं. "गाढवासारखा उभा होता. दिवा असा धरतात? तेल सांडलं असेल पोरीच्या शालूवर."

भूपेंद्रनं सुषमाकडे पाहिलं. सुषमानं वर माळ्याकडे. मग तो स्टुलावर चढला, कॉम्प्युटरच्या खोक्यातल्या थर्माकोलखाली हात घातला आणि एक साडी काढली. "मामांनी दिली. आत्याच्या मानाची. मी नको म्हणत होतो. रडायला लागले."

प्रमिलाबाईनं वीस वर्षं घरी बसून साड्यांचे धागे कापले होते. पदर चिमटीत धरला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "लॉटची आहे. काठ बघ, वीतभर पुढे गेला की डिझाइन चुकलंय. गाठोड्यानं विकतात असल्या." तिनं ती लांब धरली, ओलं पोतेरं धरावं तशी. "सख्ख्या बहिणीला ही साडी."

"माय, मामांना काय कळतं साडीतलं."

"सुरतेत राहून? सुषमा, माझी जांभळी काढ. कोसाडला जाते. ही त्याच्या तोंडावर फेकते अन् पत्रिकेचं पण आजच बोलून घेते."

"आज छाया आलीये," भूपेंद्र हळूच म्हणाला. "पहिल्यांदाच माहेरी आलीये."

"असू दे. तिच्यासमोर बोलेन, मी कोणाला भिते का?"

जांभळी साडी नेसून ती बाहेर आली. भूपेंद्रनं टॉवेल काढला होता आणि स्वतःच्या थोबाडासमोर बसून बटणं बडवत होता. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीवरून एक खण घेतला, पिशवीत घातला. नारळ कानाशी धरून हलवला. पाणी कमी होतं. घरात एक नारळ धड आणत नाहीत, ती पुटपुटली आणि दुसरा शोधायला लागली.